कोणी करायचे?

चाकणमधल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, कूलंटच्या तेलकट वासात आणि यंत्रांच्या धडधडाटात, जपानहून आलेले एक ज्येष्ठ अभियंते उघडलेल्या डायसमोर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यासमोर, उकिडवे बसले होते. नुकत्याच निघालेल्या पार्टच्या कडेवरून त्यांनी हातमोजा घातलेले बोट सावकाश फिरवले. एके ठिकाणी मोज्याचा धागा कडेला अडकून ओढला गेला आणि ते थांबले. मग मान किंचित कलती करून, दातांच्या फटीतून हवा आत ओढत ते म्हणाले, "मोकुयोओ मादे नि नाओसानाइतो..." आणि पुढचे वाक्य त्यांनी तसेच सोडून दिले. मी दुभाषी म्हणून शेजारी उभी होते. "गुरुवारपर्यंत हे दुरुस्त व्हायला पाहिजे, असं सर म्हणतायत," मी सांगितले. लाइनच्या सुपरवायझरने हातातली वही मिटली आणि अगदी साध्या, कामाच्या सुरात विचारले, "मॅडम, पण कोणी करायचं? आम्ही का त्यांनी?"

प्रश्न रास्त होता. त्याच्यावर थोडी चर्चा झाली, डाय उतरवून टूलरूममध्ये न्यायची आणि धार तिथेच करून घ्यायची असे ठरले, आणि काम मार्गी लागले. मला मात्र परतीच्या वाटेवर, नाशिक फाट्याच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, तो प्रश्न सोडत नव्हता, कारण मूळ जपानी वाक्यात त्याचे उत्तर नव्हतेच. 'नाओसु' म्हणजे दुरुस्त करणे, 'नाओसानाइ' म्हणजे दुरुस्त न करणे, आणि शेवटचा 'तो' म्हणजे आपला 'तर'. गुरुवारपर्यंत दुरुस्त केले नाही तर. कोणी केले नाही तर, हे त्यात नाही, आणि तर काय होईल, हेही नाही. दोन्ही जागा मोकळ्या ठेवूनही ते वाक्य जपानी कानाला पुरे वाटते आणि त्याचा अर्थ 'करायलाच हवे' असा निःसंदिग्ध लागतो. मराठीत 'व्हायला पाहिजे' म्हणून मी वेळ मारून नेऊ शकले, पण मराठी ऐकणारा तेवढ्यावर थांबत नाही. त्याला 'ला' लावलेले एक माणूस लागते: तुम्हाला करावे लागेल, आम्हाला करावे लागेल, किंवा आपल्याला करावे लागेल. या 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यातले अंतर कारखान्याच्या मजल्यावर फार मोठे असते. जपानी 'वाताशिताची'मध्ये ते अंतर नाही, आणि बहुतेक वेळा तर 'वाताशिताची'सुद्धा उच्चारले जात नाही. म्हणजे त्या माणसाने जे ठरवलेले नाही, ते मला तीन सेकंदांत ठरवावे लागते.

जपानी शिकणाऱ्या कोणालाही आवश्यकतेचा हा पाठ आठवत असेल, कारण पहिल्याने जीभ अडखळते ती इथेच. 'इकानाकेरेबा नारिमासेन', जावे लागते. एवढीशी गोष्ट सांगण्यासाठी एवढे लांबलचक शेपूट कशाला, असे प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतेच. ते शेपूट सुटे केले, की त्यात दोन नकार दिसतात. 'इकानाकेरेबा' म्हणजे न गेल्यास, आणि 'नारानाइ' म्हणजे होत नाही, घडून येत नाही. 'नारु' हे होणे या अर्थाचे अगदी साधे क्रियापद. न गेल्यास होत नाही. दुसरा प्रकार 'इकानाकुतेवा इकेनाइ', आणि त्यातले 'इकेनाइ' हे 'इकु', म्हणजे जाणे, या क्रियापदापासून आलेले: न गेल्यास पुढे जाता येत नाही. तिसरा, सगळ्यांत घरगुती, 'दामे', म्हणजे वाईट, निरुपयोगी. 'नारानाइ' नियमाला, रूढीला, सगळ्यांना लागू असलेल्या गोष्टीला शोभते. 'इकेनाइ' एखाद्याच्या त्या दिवसाच्या अडचणीला. ही रेषा व्याकरणाच्या पुस्तकात जितकी ठळक असते तितकी बोलण्यात नसते, पण सरकारी कागद 'इकेनाइ' म्हणत नाही, हे नक्की. या सगळ्यांत करायची कृती कुठेही सरळ सांगितलेली नाही. ती वगळली तर जग अडते, एवढेच सांगितले आहे.

मराठी विद्यार्थ्याला मी हे शिकवताना इंग्रजीचा आधार घेऊ देत नाही. 'मस्ट' या एका अक्षरात हे मावत नाही, आणि आपल्याकडे त्याहून कितीतरी जवळचे काही आहे. 'न जाऊन चालायचे नाही.' इथेही दोन नकार आहेत, आणि इथेही शेवटी पायांचे क्रियापद आहे. जपानी माणूस म्हणतो की न गेल्यास पुढे जाता येत नाही, आपण म्हणतो की न जाऊन चालत नाही. दोन भाषांचा वंशाने काही संबंध नाही. तरी आवश्यकता म्हणजे ज्याच्यावाचून पुढची वाट बंद होते ती गोष्ट, असे दोघींनाही वाटले. परवानगीसुद्धा तशीच जुळते. 'गेलं तरी चालेल' याची बांधणी 'इत्तेमो ई'सारखी, आणि 'करून चालणार नाही' याची 'शितेवा इकेनाइ'सारखी. मनाई आणि सक्ती यांचे शेपूट जपानीत एकच असते; पुढचे क्रियापद होकारी ठेवले की मनाई, नकारी केले की सक्ती. ज्या विद्यार्थ्याला हे एकदा मराठीतून दिसते, त्याला ती लांबलचक रूपे पाठ करावी लागत नाहीत.

पण कारखान्यातल्या त्या वाक्यात 'नारानाइ'ही नव्हते आणि 'इकेनाइ'ही नव्हते.

हे अर्धे तोडलेले वाक्य मी प्रथम नीट ऐकले ते जपानमधल्या ओकायामात, विद्यार्थिदशेत. पुणेकरांना ओकायामा ठाऊक असते ते सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे, कारण ती बाग तिथल्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे. मूळ कोराकुएन 1700 साली पूर्ण झाली. तिच्या कडेने आसाही नदी वाहते आणि पलीकडे काळा किल्ला दिसतो. मी राहत होते ती वस्ती मात्र तिथून बरीच दूर, अरुंद गल्ल्यांची, दुपारी सिकाडा किड्यांच्या आवाजाने भरून जाणारी. शेजारच्या आजी उन्हाळ्यात कधी कधी दारात येत, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पांढरे पीच असे. ते फळ इतके हळवे, की बोट जरा जोरात टेकले तर तिथे तपकिरी डाग पडतो. त्या ते पाण्याखाली धरून नखानेच सोलत, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे, आणि आम्ही गार मुगीचा, म्हणजे भाजलेल्या बार्लीचा चहा पीत बसत असू. मग एकाएकी त्या गुडघ्यांवर हात ठेवत म्हणत, "सोरोसोरो काएरान्याऽ." आता परतले नाही तर. शब्द असा लांबवून त्या हवेत सोडून देत आणि तरीही आणखी पंधरा मिनिटे बसत.

प्रमाण भाषेत तेच 'काएरानाक्या' होते. 'नाकेरेबा' आकसून 'नाक्या' होते, 'नाकुतेवा' आकसून 'नाकुच्या', आणि मागचे 'नारानाइ' किंवा 'इकेनाइ' गळून पडते. 'नाइतो'च्या मागचेही तसेच गळते. आजींना घरी कोणी वाट पाहणारे नव्हते. त्यांना जायला लावणारे काय होते, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि विचारणे शोभलेही नसते, कारण त्या वाक्याचे सौजन्यच त्या मोकळ्या जागेत होते. 'मी जाते' म्हटले असते, तर जाणे त्यांच्या इच्छेचे झाले असते, आणि माझ्या घरातून उठण्याची इच्छा होणे हे थोडे तुटकच. 'परतले नाही तर' म्हटल्याने त्यांची इच्छा माझ्याकडेच राहिली आणि उठायला लावण्याचा दोष कोण्या तिसऱ्यावर गेला, ज्याचे नाव घ्यायची गरज नव्हती. आपल्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते; निरोपातली अढी प्रत्येक भाषा आपल्या रीतीने काढते. आवश्यकतेचे व्याकरण प्रेमाच्या कामी येऊ शकते, हे मी कोणत्याही पुस्तकाआधी त्या दारात शिकले.

आजींच्या बोलीत कधी पुढचे शेपूट यायचेही, पण ते पुस्तकातले नसे. ओकायामात 'इकेनाइ'च्या जागी 'ओएन' म्हणतात. 'हायो सेन्याऽ ओएन', लवकर केले नाही तर चालायचे नाही. पूर्वेला ओसाकाकडे निघालो, की 'आकान' सुरू होते: 'इकाना आकान'. नागोयाच्या बाजूला 'इकानाकान' किंवा 'यारानतो इकान' ऐकू येते, आणि मोटारींच्या उद्योगातली किती माणसे त्या भागातली आहेत हे पाहता पुण्याच्या दुभाष्याला 'इकान' कानाआड करून चालत नाही. पश्चिमेला फुकुओकात 'सेना इकान'. पुस्तकी जपानी शिकून आलेली नवी मुले या रूपांनी गोंधळतात. त्यांना ओळखीचे 'नाकेरेबा' कुठेच सापडत नाही. मी त्यांना सांगते की मधला नकार ऐका, आणि त्यानंतर काहीतरी 'होत नाही', 'जात नाही', 'सुटत नाही' असे येते का ते पाहा. 'आकान'चे मूळ 'राची गा आकानु' या वाक्प्रचारात सांगतात, म्हणजे अडसर उघडत नाही. ही व्युत्पत्ती धरली, तर त्या रूपातही वाट अडल्याचीच कल्पना आहे, फक्त अडवणारी वस्तू गावागणिक बदलते.

यावरून जपानी माणूस कर्तव्यात जखडलेला असतो, त्याच्या भाषेतच सक्ती भरलेली आहे, असे निष्कर्ष काढणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे, आणि मला ते मुळीच पटत नाही. आगगाडीत दोन मैत्रिणींचे बोलणे ऐकावे. 'यासेनाक्या', वजन कमी करायला हवे. 'नेनाक्या', झोपायला हवे. 'सेंताकु शिनाक्या', कपडे धुवायचे राहिलेत. यांतले बरेचसे कोणी करत नाही आणि करावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. एकट्या माणसाने स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटलेल्या 'नाक्या'त सक्तीपेक्षा सोबत जास्त असते. जुनी 'बेशी' तर याहून ऐसपैस होती. अभिजात जपानीत त्या एका प्रत्ययात करायला हवे, होणार असे दिसते, करता येईल, करीन म्हणतो, आणि सरळ आज्ञा, एवढे सगळे मावत असे, आणि संदर्भ पाहून अर्थ लावावा लागे. आपले 'करावे' तरी कुठे वेगळे आहे? संस्कृतातल्या 'कर्तव्य'मधला 'तव्य' प्राकृतातून झिजत आपल्या 'वे'पर्यंत आला. त्याने उपदेश होतो, इच्छा होते, आणि 'सकाळी उठावे, नदीवर जावे, पोहून यावे' अशी लहानपणच्या सुट्टीची आठवणही होते, जिच्यात कर्तव्याचा लवलेश नसतो. आज 'बेशी' उरली आहे ती 'बेकी'च्या रूपात, जिने बोलणारा स्वतःचे मत ठामपणे मांडतो, आणि पाट्यांवरच्या 'बेकाराझु'त, जी मनाई आता जुनाट वाटते.

माझे मन कलुषित होते ते दुसऱ्या टोकाला. ज्या मोकळ्या जागेत आजींचे सौजन्य मावले, तिच्यात बरेच काही लपवताही येते. 'सेझारु ओ एनाइ' हे रूप घ्या. 'झारु' हा जुना नकार, 'एरु' म्हणजे मिळणे: न करणे मिळत नाही, म्हणजे करण्यावाचून गत्यंतर नाही. कारखाना बंद करताना, माणसे कमी करताना, पत्रकार परिषदेत काळ्या सुटातली माणसे हे रूप वापरतात. निर्णय कोणी घेतला हे त्या वाक्यात शोधू गेले तर मिळत नाही. परिस्थितीने दुसरा मार्ग ठेवला नाही, एवढेच हाती लागते. कितीतरी जपानी लोक हे रूप लिहिताना चुकतात, 'ओ एनाइ'च्या जागी ओझे वाहण्याच्या 'ओउ' या क्रियापदाचे अक्षर घालतात, आणि मग त्याचा भास 'वाहवत नाही' असा होतो. व्याकरणदृष्ट्या ती चूकच आहे, पण ती करणाऱ्यांच्या कानाला तिथे ओझे ऐकू येत असावे, आणि मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते.

'ओउ' हे क्रियापद जपानी संविधानातही आहे. 3 मे 1947 रोजी अमलात आलेल्या या संविधानाच्या कलम 12 मध्ये पहिले वाक्य असे आहे की, संविधानाने जनतेला हमी दिलेले स्वातंत्र्य आणि हक्क जनतेच्या अखंड प्रयत्नांनी 'होजि शिनाकेरेबा नारानाइ', टिकवलेच पाहिजेत. हे वाक्य मी विद्यार्थ्यांबरोबर पुष्कळदा वाचले आहे. कर्त्याची जागा इथेही रिकामी आहे. जनता येते ती 'जनतेच्या प्रयत्नांनी' अशी, षष्ठीच्या आडून. पुढच्या वाक्यात मात्र 'कोकुमिन वा', म्हणजे जनता, अग्रभागी येऊन उभी राहते; तिथे तेच शेपूट मनाईचे होते, या हक्कांचा दुरुपयोग करून 'नारानाइ'. आणि तीच जनता ते हक्क लोकहितासाठी वापरण्याची जबाबदारी पाठीवर घेते, 'सेकिनिन ओ ओउ'. कलम 30 मध्ये कर भरण्याचे कर्तव्यही जनता असेच वाहते. म्हणजे माणसाचे नाव घेऊन ओझे त्याच्या पाठीवर ठेवायची सोय या भाषेत पुरेपूर आहे. जिथे नाव गाळले जाते, तिथे ते भाषेच्या असमर्थतेमुळे गाळले जात नाही, आणि ही गोष्ट दुभाष्याने विसरू नये, असे मला फार वाटते.

त्या दिवशीच्या सुपरवायझरचा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. तो जपानी भाषेचा एक शब्दही न जाणता वाक्यातल्या नेमक्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून होता. अभियंत्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी ती जागा दडपण्यासाठी रिकामी ठेवली नव्हती. बिघाडासमोर उकिडवे बसलेल्या सगळ्यांची ती अडचण, तिचे वाटप आताच कशाला करायचे, असा तो सूर होता, आणि त्यात मला आजींच्या 'काएरान्याऽ'चा नातेवाईक ऐकू येत होता. सुपरवायझरच्या बाजूने पाहिले तर गुरुवारी काम झाले नाही तर ओरडा कोणाला बसणार, हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे त्याने 'कोणी' विचारलेच पाहिजे. मी 'तुम्हाला करावं लागेल' म्हटले तर हुकूम होतो, 'आपल्याला करावं लागेल' म्हटले तर एक वचन दिले जाते, जे देण्याचा मला अधिकार नाही. आता अशा वेळी मी वाक्य तोडलेलेच पुढे देते: "गुरुवारपर्यंत हे दुरुस्त झालं नाही, तर..." मराठीतही ते लटकते, ऐकणारा भुवया उंचावतो, आणि मग 'कोणी' हा प्रश्न माझ्या तोंडून न जाता त्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत, थेट समोरच्याकडे जातो. मी तो जसाच्या तसा जपानीत ठेवते: 'दारे गा'. काही पाहुण्यांना तो धीट वाटतो. बहुतेक जण क्षणभर थांबून उत्तर देतात, आणि ते उत्तर दर वेळी वेगळे असते.

संध्याकाळच्या वर्गात याच पाठाला जोडून दुसरे रूप येते, 'नाकुतेमो ई', न करूनही चालेल. पाठ्यपुस्तके ही जोडी बहुधा एकत्र शिकवतात आणि ते योग्यच आहे, कारण प्रश्नोत्तरात दोघींची गाठ पडते. 'बूट काढावे लागतात का?' या प्रश्नाला नकारार्थी उत्तर द्यायचे असेल, तर प्रश्नातलेच क्रियापद नकारी करून भागत नाही. 'ईए, नुगानाकुतेमो ई देसु' असे म्हणावे लागते, नाही, न काढूनही चालेल. मुलांना हे अवघड जाते आणि मराठीचा आधार इथेही दगा देऊ शकतो, कारण 'काढायला नको' म्हटले तर गरज नाही असाही अर्थ होतो आणि काढणे बरे नव्हे असाही. म्हणून मी त्यांच्याकडून 'नाही काढले तरी चालेल' हेच घोकून घेते. सरावासाठी प्रत्येकाने शेजाऱ्याला एक गोष्ट विचारायची: उद्या लवकर यावे लागेल का, निबंध हाताने लिहावा लागेल का, सगळी कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरे, पाठ करावी लागतील का. वर्गभर 'नाकुतेमो ई'चा गलबला होतो. गेल्या तुकडीतल्या, दिवसा याच कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी करून येणाऱ्या एका मुलाने मला विचारले, की हे रूप साहेब कर्मचाऱ्याला म्हणतो की कर्मचारी साहेबालाही म्हणू शकतो. पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. त्या संध्याकाळी पाठ बाजूला ठेवून आम्ही त्याच्यावरच बोललो, आणि पुढच्या आठवड्यात येताना प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी ऐकलेले एक तरी 'नाकुतेमो ई' लिहून आणायचे ठरले, कोणी कोणाला म्हटले या नोंदीसह.